आतल्या खिशाचं अस्तर

१२ जानेवारी

प्रिय मामा,

तुला आणि मामीला नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय. मागच्या वेळी मी फोनवर "सुट्टी नाही" म्हटलं आणि तू गल्लीभर सांगत सुटलास, "बॉबिनला खुर्ची नाही, पोर दिवसभर उभ्यानं काम करते." शिलाई मशीनच्या खडखडाटात तुझे कान गेले. त्यात कानयंत्राचं नाव काढलं की "मी काय म्हातारा झालोय?" मग बस आता वाचत. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं तूच म्हणतोस, तेव्हा चष्मा पुसून वाच.

माझ्या कामाबद्दल तू नेहमी विचारतोस आणि मी "मोबाइल तपासते" एवढंच सांगून मोकळी होते. आज नीट सांगते. आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या अंगाच्या आकाराचं एक पोकळ कवच आहे. त्यात पाणी, साखर, मीठ असं कालवून केलेला पाक भरतात. फोनच्या लहरी माणसाच्या मांसात जशा मुरतात तशाच त्या पाकात मुरतात. कवचाखाली फोन लावायचा, तो पूर्ण जोरावर चालू ठेवायचा, वरून पाकात सळई बुडवायची आणि किती मुरलं ते मोजायचं. ठरलेल्या हद्दीत बसला की फोन पास. ती हद्द ठरवतानाही, तू शिवणीत जादा कापडाची माया सोडतोस ना, तशी भरपूर माया सोडलेली असते.

पण एक गोष्ट आहे. छातीशी किंवा कमरेशी ठेवलेला फोन तपासताना आम्ही तो थेट टेकवत नाही. मध्ये फोमचा एक तुकडा ठेवतो. नियमात ते बसतं. फोनबरोबर जी पुस्तिका येते तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं, की अंगापासून एवढा दूर ठेवा. ती पुस्तिका वाचतं कोण? मी रोज तो फोम लावते. परवा लावता लावता माझा हात थांबला. मला तुझा खिसा आठवला.

शर्टाचा आतला खिसा म्हणजे माझंच खूळ. कॉलेजात माझा फोन सारखा पडायचा, म्हणून मी हट्ट धरला की आतून छातीशी घट्ट बसेल असा खिसा शिवून दे. तू दिलास. आता तुझ्या दुकानाची ओळखच तो खिसा आहे. तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या छातीला फोन चिकटून बसलाय तो माझ्या हट्टापायी.

घाबरून जाऊ नकोस. यानं आजार होतो असं कुणी पक्कं दाखवलेलं नाही, मीही तसं म्हणत नाही. पण जी काळजी मी पाकाची घेते ती माणसांची घेऊ नये, हे मनाला लागून राहिलंय. म्हणून एवढं कर. यापुढे खिसा शिवशील त्यात चांगलं बोटभर अंतर दे. आधीचे शर्ट येतील तसे दुरुस्त करून दे.

मामीला यातलं काही सांगू नकोस. ती आधीच माझ्या नोकरीला "किरणांचं काम" म्हणते.

तुझी,
बॉबिन

२४ जानेवारी

चि. बॉबिन,

पोटभर आशीर्वाद.

पत्र घेऊन आलेल्या माणसासमोर मामीच उभी होती, तेव्हा तिच्यापासून काय लपणार? मी वाचत बसलो तशी ती खांद्यावरून डोकावली. म्हणाली, "पाक भरलेला पोकळ माणूस बघायला प्रयोगशाळा कशाला हवी? आपल्या घरी आहे एक. साखर तेवढी घालायची राहिलीय."

थट्टा तिची चालू दे, पण तुझं पत्र माझ्या काळजाला टोचलं. कात्री हातात घेतली ती तशीच ठेवून दिली. बॉबिन, मी शाळा पुरी केली नाही. जे शिकलो ते उसवून उसवून शिकलो. माणूस दारातून आत आला की त्याचा कुठला खांदा खाली आहे ते मला कळतं. त्याला न विचारता मी तिथे भर घालतो. आणि अशा माझ्या माणसांच्या छातीवर मीच हे बसवून दिलं! वर तळहातानं थापटून विचारलं, "कसा घट्ट बसलाय?"

तू स्वतःला बोल लावू नकोस. तू पोरसवदा होतीस, हट्ट करणं तुझं कामच होतं. सुई माझ्या हातात होती.

तर तू सांगितलंस तसं दिलं. मला वाटलं, द्यायचंच तर हात राखून कशाला द्या? खिशाला चहूबाजूंनी दिलं, वरच्या झाकणालाही दिलं. आणि दिलं ते असलं तसलं नाही. कुठून आणलं ते आत्ता सांगत नाही. आलीस की दाखवीन, मग तुझ्या साहेबांपुढे मिरव.

पहिला मान लिफ्टवाल्याचा. तुला आठवतो ना? आपल्या गल्लीच्या तोंडाशी उंच इमारती झाल्यात, त्यांच्या लिफ्ट तो सांभाळतो. काम नसलं की माझ्याकडे स्टुलावर येऊन बसतो. चहाचा घोट घेतो न घेतो तोच फोन वाजतो, कप तसाच ठेवून पळतो. मामी म्हणते, "या माणसानं जन्मात कधी पुरा चहा प्यायलाय का?" त्याला म्हटलं, काढ शर्ट. म्हणाला, "खिसा चांगला आहे की मास्तर, कशाला उसवता?" म्हटलं, तुझ्या छातीची काळजी वाटते. तर म्हणतो, "छातीत काय आहे माझ्या? निम्मा चहा आणि निम्मं ग्रीस."

बाकीच्यांनाही निरोप धाडलेत. शर्ट येताहेत, मी दुरुस्त करतोय. तू निवांत राहा.

तुझा,
मामा

११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र वाचून छातीवरचा धोंडा उतरला. खरं सांगू, ते लिहिल्यावर मला वाटत होतं की तू हसण्यावारी नेशील. तू तर झाकणालाही दिलंस!

सध्या नव्या फोनांची रांग लागलीय, श्वास घ्यायला फुरसत नाही. पण हल्ली फोम लावताना हात थांबत नाही. त्यासाठी तुझी ऋणी आहे.

मामीला म्हणावं, साखरेचं प्रमाण मी लिहून पाठवते.

तुझी,
बॉबिन

७ मार्च

चि. बॉबिन,

आशीर्वाद.

आज तुझ्या फोनवाल्यांबद्दल तक्रार घेऊन बसलोय. आपल्या लिफ्टवाल्याला कंपनीनं घरी बसवलंय, आणि फोनवाल्यांच्या चुकीसाठी गरीब माणूस भरडला जातोय.

झालं असं. कोपऱ्यावरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. एकट्याच. परवा सकाळी त्या खाली यायला निघाल्या आणि लिफ्ट मधेच अडकली. आत पंखा बंद, दिवा बंद. बाईंनी घंटा वाजवली. वॉचमननं लिफ्टवाल्याला फोन केला. लागेना. कंपनीच्या ऑफिसनं केला. लागेना. दर वेळी तेच, "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." दुसरा कारागीर शहराच्या त्या टोकाला. शेवटी अग्निशमनवाले आले, दार फाकवून बाईंना काढलं, तोवर त्यांची शुद्ध हरपली होती. हॉस्पिटलात ठेवावं लागलं. आता घरी आल्यात, पण सातव्या मजल्यावरून खाली पाऊल टाकत नाहीत. लिफ्टचं दार नुसतं वाजलं तरी आतून कडी लावून घेतात म्हणे. आणि येईल त्याला सांगतात, "त्याला कळलं होतं. कळूनही तो आला नाही."

हेच त्याला खातंय. नोकरीपेक्षा हे. बाईंच्या पिशव्या त्यानं किती वेळा वर नेऊन दिल्या असतील!

कंपनीचे साहेब म्हणाले, फोन का बंद ठेवलास? तो म्हणतो, चालू होता, छातीशी होता, एकदाही वाजला नाही. साहेब म्हणाले, खोटारडा आहेस. आता चौकशी व्हायची आणि तोवर तो घरी. चौकशीत खोटा ठरला तर या धंद्यात त्याला कुणी दारात उभं करणार नाही.

आणि बॉबिन, तो खोटं बोलत नाही याचा साक्षीदार मी आहे. तेवढा सगळा वेळ तो माझ्या दुकानात होता. उठायला लागला तर मीच म्हटलं, "बस रे, एवढी काजं होऊ देत." त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा चहा पुरा प्यायला. मामीनं रिकामा कप उलटा करून दाखवला आणि आम्ही तिघंही खो खो हसलो. तेव्हा कोपऱ्यावर बाई लिफ्टमध्ये होत्या.

मी साहेबांकडे गेलो. सांगितलं, फोन खिशात होता, त्यानं हातही लावला नव्हता. साहेब म्हणाले, "म्हणजे कामाच्या वेळी तो तुमच्याकडे चहा पीत होता, हे तुम्हीच सांगताय." करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

आता तू सांग. टॉवर गल्लीच्या टोकाला आहे. दुकानात मामीचा फोन असा वाजतो की मलासुद्धा ऐकू येतो. मग याचाच का वाजला नाही? फोनमध्ये खोट असते का? फोनच्या कंपनीवर दावा लावता येतो का? मामी म्हणते, खिशातलं ते चंदेरी अस्तर घामानं भिजून फोनला बाधत असेल. गाडीच्या काचेला ऊन लागू नये म्हणून लावतात ना, धातूचा मुलामा दिलेलं, तेच आणलंय मी. पण मी तिला म्हटलं, अस्तर दे असं बॉबिननं स्वतः लिहिलंय, ती काय उगीच सांगेल?

लवकर लिही.

तुझा,
मामा

११ मार्च

मामा,

हे पत्र मामीला शेजारी बसवून वाच.

मी अस्तर दे असं लिहिलं नव्हतं. अंतर दे असं लिहिलं होतं. म्हणजे खिसा असा शिव की फोन अंगाला चिकटणार नाही, थोडा दूर राहील. एवढंच.

तुझं पत्र वाचून मी मामीला माझ्या पहिल्या पत्राचा फोटो पाठवायला सांगितला. तुला सांगू नकोस म्हटलं होतं, रागावू नकोस तिच्यावर. फोटो पाहिला. कागदाची घडी नेमकी त्या ओळीवर आलीय. अ वरचं टिंब घडीत गेलंय, आणि माझा त असा गाठाळलेला की त्यात कुणालाही अर्धा स दिसावा. मी शिंप्याला पत्र लिहीत होते, मामा. शिंपी तिथे अस्तरच वाचणार. ते मला कळायला हवं होतं.

आणि खरा दोष पुढचा आहे. तू लिहिलंस, चहूबाजूंनी दिलं, झाकणालाही दिलं. अंतर कधी झाकणाला देतात का? मी एक क्षण थांबले असते तर कळलं असतं. पण मला मोकळं वाटून घ्यायची घाई होती. मी वाचलं ते मला वाचायचं होतं ते.

आता फोनचं ऐक. फोन आणि टॉवर एकमेकांना हाका मारत असतात. तोंडावर हात दाबला तर माणूस काय करतो? आणखी मोठ्यानं ओरडतो. फोनचंही तसंच. धातूच्या कापडात गुंडाळला की तो पोचण्यासाठी जास्त जोर लावतो. म्हणजे ज्या लहरी कमी व्हाव्यात म्हणून आपण हे केलं त्या काही वेळा वाढल्याच असतील. आणि चारी बाजूंनी गुंडाळून वर झाकण लावलं, की टॉवरची हाक आतपर्यंत पोचतच नाही. फोन चालू असतो, पण वाजत नाही. लिफ्टवाला खरं बोलतोय.

"लहरींपासून संरक्षण" म्हणून बाजारात असल्या चंदेरी चकत्या आणि पाकिटं मिळतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यांना हसतो. मी आता हसू शकणार नाही.

पटत नसेल तर मामीचा फोन त्या खिशात घाल, झाकण लाव आणि फोन लावून बघ. मग सगळे शर्ट परत मागव. आणि मामा, लिफ्टवाल्याला सांग. आजच सांग. चौकशी व्हायच्या आत.

दोष माझा आहे, हेही त्याला सांग.

तुझी,
बॉबिन

३ एप्रिल

चि. बॉबिन,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अस्तरं उसवायचं काम चालू आहे. बहुतेक शर्ट परत आले. लोक विचारतात, मास्तर, लावलंत काय आणि काढताय काय? म्हणतो, कापड आटतं.

मामीचा गुडघा पुन्हा धरलाय. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, तर ती म्हणाली, "कुणाचं? तुमचं का माझं?" मशीनचा पट्टा तुटला होता, नवा घातला. समोरच्या केस कापणाऱ्यानं दुकानाला हिरवा रंग दिलाय, डोळ्यांना भारी त्रास होतो. इकडे ऊन तापायला लागलंय.

लिफ्टवाल्याचं चाललंय. तो काही कुणावर रागावणारा माणूस नाही.

प्रकृतीला जप. उभ्यानं काम करू नकोस.

तुझा,
मामा

९ एप्रिल

प्रिय मामा,

गुडघा कळला, पट्टा कळला, हिरवा रंगही कळला. लिफ्टवाल्याला सांगितलंस का, ते कळलं नाही. म्हणजे सांगितलं नाहीस, किंवा त्याहून काही वाईट झालंय. कापड आटतं म्हणे! आयुष्यात कधी गिऱ्हाइकाशी खोटं बोलला नाहीस तू.

तुला बोलायचा मला तरी काय हक्क? मी आमच्या साहेबांना विचारलं, अशा खिशात फोन लागत नाही असं मी लेखी देऊ का? ते म्हणाले, प्रयोगशाळेचं नाव यात आणू नका. मी "बरं" म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. फोम लावला, मोजलं, पास लिहिलं. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं.

तू गप्प, मी गप्प, आणि भोगतोय तो. मामा, हे बरं दिसतं का?

सोबत एक कागद आहे. प्रयोगशाळेचं नाव घातलेलं नाही, फक्त माझं नाव, माझं शिक्षण आणि माझी सही. यावेळी प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढलंय. साहेबांना हे मी सांगितलंय. जे व्हायचं ते होईल.

वाट बघते.

बॉबिन

३० एप्रिल

चि. बॉबिन,

आशीर्वाद, आणि तुझे कान धरायचा हक्क माझा होता तो तू माझ्यावर चालवलास त्याबद्दल शाबासकी.

आता लपवत नाही. तुझं ते अंतर-अस्तराचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी लिफ्टवाल्याला सगळं सांगितलं होतं. त्याच्या घरी गेलो. तो पोराच्या सायकलची साखळी बसवत होता. सांगून झालं तरी वर बघितलं नाही. मग म्हणाला, "मास्तर, कुणाकुणाला सांगितलंत?" म्हटलं, तूच पहिला. म्हणाला, "मग माझ्यापाशीच राहू द्या. तुमच्या शर्टात फोन मरतो असं एकदा पसरलं तर दुकानात कुत्रं फिरकणार नाही. या वयात कुठे जाल? मी तरणा आहे, दुसरं काहीतरी बघीन."

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बॉबिन, मला बरं वाटलं गं! ही गोष्ट लिहायलाच मला इतके दिवस लागले. घरी येताना मी स्वतःला म्हणत होतो, त्याचीच इच्छा आहे, त्याचा शब्द कसा मोडू? मामीला तेच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्यानं ताट पुढे केलं म्हणून तुम्ही त्याचा घास खाल्लात." मग दोन दिवस बोलली नाही. तुला गुडघ्याबद्दल लिहिलं ना, तो गुडघा खरंच दुखत होता, पण ती गप्प होती ती त्यामुळे नाही.

तुझा कागद आला. तू पोर असून नोकरी पणाला लावलीस, आणि मी दुकानाला कवटाळून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी उठलो, त्याचा तो अजून न उसवलेला शर्ट घेतला आणि गाण्याच्या बाईंकडे गेलो. साहेबांकडे आधी गेलो नाही. तिथे माझं बोलणं एकदा उलटलं होतं, आणि खोटारडा म्हटल्याचं त्याला जेवढं लागलं नव्हतं तेवढं बाईंचं बोलणं लागलं होतं.

लिफ्ट चालू होती. मला तिच्यात पाय टाकवेना. जिन्यानं गेलो. बाईंनी दार उघडलं, मला धापा टाकताना बघून आधी खुर्ची दिली. म्हणाल्या, "शिंपी ना तुम्ही? मी तर कापड दिलं नव्हतं." सगळं सांगितलं. त्यांना काही पटेना. मग त्यांचाच फोन खिशात घातला, झाकण लावलं, म्हटलं आता घरच्या जुन्या फोनवरून लावा. त्यांनी लावला. कानाला धरून ऐकत राहिल्या. ठेवला, पुन्हा लावला. पुन्हा लावला. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी विचारलं, "मग तेव्हा तो होता कुठे?"

म्हटलं, "माझ्या दुकानात. गल्लीतच. तो उठत होता, मी बसवून घेतला."

त्यांनी खिशातून आपला फोन काढून घेतला. मग म्हणाल्या, "मास्तर, अडकले होते तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या. आयुष्यभर मुलांना सूर शिकवले, माझ्या तोंडात असलं काही आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या सगळ्या आता तुमच्या नावावर."

म्हटलं, "रास्त आहे बाई."

"आणि त्या तुमच्या भाचीच्या?"

"त्याही माझ्याच नावावर लावा. तिचं अक्षर लहानपणी मीच सुधारायला हवं होतं."

तेव्हा त्या थोड्या हसल्या. पण माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. मागण्यासारखं तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला, साहेबांकडे जायचंय, जिन्यानं उतरते, हात धरायला या. मी एका बाजूला, मामी तिचा गुडघा घेऊन दुसऱ्या बाजूला. प्रत्येक मजल्यावर मामी म्हणायची, "बाई, टेकू या का?" आणि बाई म्हणायच्या, "तुम्हाला टेकायचंय तर तसं सांगा ना!" असं करत उतरलो. साहेबांच्या टेबलावर बाईंनी शर्ट ठेवला, तुझा कागद ठेवला आणि म्हणाल्या, "ठेवा तुमचा फोन यात." तिथे एकदा लागला गं, खिडकीपाशी! बाई म्हणाल्या, "टेबलावर नको, छातीशी धरा." मग लागला नाही. चारदा लावला, एकदाही नाही.

लिफ्टवाला कामावर रुजू झालाय. खोटारडा हा शब्द कागदावरून काढला. पण ताकीद ठेवलीय. साहेब म्हणाले, दीड महिना फोन कमी वाजतोय हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. खिसा माझा, अक्षर तुझं, आणि ताकीद त्याच्या नावावर! मी भांडलो. तोच मला बाहेर घेऊन आला.

गल्लीतही सगळ्यांना खरं सांगितलं. कापड आटत नव्हतं, माझी अक्कल आटली होती, असंच म्हटलं. काही गिऱ्हाइकं गेली. जी गेली नाहीत त्यांचे खिसे आता बाहेरून लावतो, मोकळे, झाकणाशिवाय. आणि सांगतो, फोन पिशवीत ठेवा, नाहीतर हातात.

आता राहिलं एकच. लिफ्टवाला माझ्यावर रागावलेला नाही. दुकानावरून जाताना हात करतो. फोन हातात असतो, नजर फोनवर. "बसतोस का?" म्हटलं की म्हणतो, "ड्यूटीवर आहे मास्तर." आधीही ड्यूटीवरच असायचा. ज्या माणसानं बसवून घेतलं त्याच्याकडे पुन्हा कोण बसेल?

आठवडाभर मी दारातून त्याला येता-जाता बघितलं. मग परवा काजं करायचे चार शर्ट घेतले, सुईदोरा घेतला आणि कोपऱ्यावरच्या इमारतीत गेलो. तो लिफ्टसमोरच्या पायरीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "कुणाकडे जायचंय?"

म्हटलं, "कुणाकडे नाही. दुकानात अंधार फार आहे, काजं दिसत नाहीत."

आमच्या दुकानात किती ऊन येतं ते त्याला चांगलं ठाऊक आहे. तो जरासा सरकला.

तुझा,
मामा